सेतुमामांचे त्रिकाळ थेंब

सेतुमामा डोळ्यांत औषध घालण्याआधी पाय धुतात.

हात धुणं मी समजू शकते. हात धुवायलाच हवेत, औषधाच्या कागदावरच तसं छापलेलं असतं. पण मामा आधी पाय धुणार, मग कोपरापर्यंत हात, मग खळखळून चूळ भरणार, मग पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसणार आणि देवघराच्या फळीवरून, तीर्थाच्या पंचपात्राशेजारून, ती बोटभर प्लॅस्टिकची बाटली उचलणार. पहिल्यांदा हा सोहळा पाहिला तेव्हा मला वाटलं, आता हे बाटलीला गंध लावतात की काय! जवळ जाऊन बघते तर टोपणावर लावलेलं होतं.

"मामा, अहो डोळ्याचं औषध आहे ते! संध्या नव्हे."

"पद्धत आहे गे," मामा म्हणाले आणि मान मागे टाकली.

मी कोल्हापूरची. तोंड बंद ठेवणं आमच्या पाण्यातच नाही. बँकेनं माझी बदली कुंभकोणमला केली तेव्हा सगळ्यांना एकच काळजी, ही तिकडे बोलणार कुणाशी? तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. कोल्हापुरातच राहणारा नवरा म्हणाला, "बरंय, तेवढीच जिभेला विश्रांती." पण माझं नशीब बघा, घरमालक निघाले मराठी! सेतुमाधवराव त्यांचं नाव. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, उंच, सडसडीत, तिकडचं धोतर, पांढरी वेष्टी, नेसणारे. मराठ्यांचं राज्य तंजावरला आलं तेव्हा त्यांचे पूर्वज इकडे आले, ते इकडचेच झाले. बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये, पण उंबऱ्याच्या आत मराठी. आणि मराठी तरी कसली! पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "वरतीं नळास पाणी येत्यें. सांडूं नको. कापी घेतेस कीं?" मला वाटलं, बखरीतलं कुणीतरी उठून माझ्याशी बोलतंय.

मी वरच्या मजल्यावर राहते, ते खाली. त्यांच्या पत्नी कमलामामी मी यायच्या आधीच गेल्या. एकुलती मुलगी वसुधा अमेरिकेत. म्हणजे मामांच्या उंबऱ्याच्या आत मराठी उरली होती, पण ती बोलायला समोर कुणी नव्हतं. मी राहायला आले आणि संध्याकाळच्या कॉफीला दोन डवरे, म्हणजे तिकडच्या पसरट पितळी वाट्या, लागायला लागले. मी बँकेतून येऊन चपला काढते न काढते तोच खालून हाक येते, "ये गे, कापी निवत्ये."

मामांची प्रत्येक गोष्टीला पद्धत. विड्याचं पान कुठल्या बाजूनं पुसायचं याची पद्धत. छत्री वाळवायची पद्धत. एकदा आम्ही स्वामीमलैला निघालो. बस समोर उभी, रिकामी, कंडक्टर हाका मारतोय. मामा हलेनात.

"अहो चला की!"

"पहिली बस सोडावी. पद्धत आहे."

"कुणाची पद्धत?"

"आमच्या आज्यांची."

"आज्यांच्या वेळी बस होती?"

मामांनी थोडा विचार केला. "छकडा होता," म्हणाले. "पहिला छकडा सोडत." पुढची बस आली ती अशी भरून, की स्वामीमलैपर्यंत मी एका बाईच्या केळीच्या घडाला मिठी मारून उभी. मामा मात्र ताठ आणि समाधानी. पद्धत पाळली गेली होती ना!

तर अशा माणसाच्या हाती डोळ्यांचा लालपणा घालवणारं औषध पडलं. माकडाच्या हाती कोलीत म्हणणार होते, पण मामा वडीलमाणूस आहेत, म्हणून म्हणत नाही.

ते पडलं कसं, ते सांगते. दर रविवारी संध्याकाळी वसुधाचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते. वसुधाची मुलगी मीरा, चार-पाच वर्षांची, इंग्रजीच बोलते. मामा तिला दर रविवारी मराठी शिकवायचे. "म्हण बाळा, आजा. आजा, ये. आजा, बैस." ती पोर हसायची, नाचायची, खेळणी दाखवायची, पण मराठी शब्द काही तोंडातून काढायची नाही. मामांना त्याचं काही नव्हतं. ती समोर आहे ना, मग झालं.

मात्र मामांना फोन किती लांब धरायचा ते कधीच कळलं नाही. नातीला नीट बघता यावं म्हणून ते फोन नाकाला लावतात. एका रविवारी असाच फोन जवळ नेला आणि पलीकडे त्या एवढ्याशा पोरीला पडदाभर एकच डोळा दिसला. तोही लालभडक. मीरानं किंकाळी फोडली आणि जी पळाली ती टेबलाखाली. त्यानंतरच्या रविवारी आलीच नाही समोर. वसुधा हसून म्हणाली, "बाबा, तिला तुमच्या डोळ्यांची भीती बसलीय. किती लाल झालेत! काहीतरी घाला त्यांत."

मामांनी तो शब्द झेलला. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ती बाटली आणली, पुढच्या रविवारी कॉलच्या आधी घातली, आणि काय सांगू, जादूच झाली! घटकाभरात डोळे मोगऱ्यासारखे पांढरे. मीरा टेबलाखालून डोकावली, मग बाहेर आली, मग मांडी ठोकून समोर बसली. त्या संध्याकाळी मामांनी मला एकाऐवजी दोन वेळा कॉफी पाजली.

तिथून सुरू झाली पद्धत. तीर्थ कसं घेतात? तीनदा. मग औषध एक थेंब कसं चालेल? संध्या किती वेळा? त्रिकाळ. मग औषधही त्रिकाळ. सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक डोळ्यात तीन तीन थेंब, आणि शेवटी ओला हात डोक्यावरून मागे, तीर्थ घेतल्यावर फिरवतात तसा. त्यात मेडिकलवाल्यानं जुना माल खपवलेला, बाटलीवरची तारीख कधीच उलटलेली. मी दाखवली तर म्हणाले, "गंगोदक नासतें कीं?"

"ते गंगोदक नाही हो मामा."

"देवापाशीं ठेवलों आहे," ते म्हणाले. त्यांच्या मराठीत 'मी ठेवलं'चं 'मी ठेवलों' होतं.

आणि गंमत बघा. औषध वाढत गेलं तसतसे डोळे जास्तच लाल व्हायला लागले. घातलं की तासभर पांढरे, उतरलं की पहिल्याहून लाल. लाल झाले म्हणून मामा पुन्हा घालणार, घातलं म्हणून ते पुन्हा लाल होणार. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या. "उगे राहा गे," मामांनी मला गप्प केलं. "साधे थेंब. डाक्टर कशास?"

कळस झाला तो गोविंदपुरमला. तिथल्या विठ्ठल मंदिरात मामांची भजनमंडळी आहे, सगळी सत्तरीची तरणीताठी पोरं. एकादशीचं भजन लांबलं आणि सकाळी कुणीतरी पाहुणे आले, म्हणाले, मंडळींचा फोटो काढतो. जाग्रणानं सगळ्यांचे डोळे तारवटलेले. मामांनी कनवटीची बाटली काढली. सगळ्यांना ओळीनं बसवलं, "माना वरती" म्हणाले, आणि तीर्थ वाटावं तसे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे थेंब वाटत गेले. एकच बाटली. तिचं टोक याच्या पापणीला लागतंय, त्याच्या डोळ्याला टेकतंय, कुणाला पर्वा नाही. तीर्थ उष्टं होतं का कुठे?

फोटो झकास आला म्हणे. पण त्या ओळीतल्या मृदंगवाल्यांचे डोळे जागरणानं लाल नव्हते, आलेले होते. डोळे येण्याच्या साथीला इकडे 'मद्रास आय' म्हणतात. पुढच्या भजनाला सगळी मंडळी काळे चष्मे लावून टाळ कुटत होती. ऐकायला आलेली एक म्हातारी कानाशी लागून मला तमिळमध्ये विचारते, एवढं तमिळ एव्हाना मला कळायला लागलं होतं, "हे आंधळ्यांचं भजनीमंडळ कुठून आलं?" मी तिथेच पदर तोंडात कोंबला.

पण घरी येऊन मामांनी चष्मा काढला तेव्हा माझं हसू पळालं. डोळे नव्हते ते, कुंकवाचे करंडे होते. पापण्या सुजलेल्या, पाणी गळतंय. माझं डोकंच सणकलं. "मामा, पुरे झाली तुमची पद्धत! आता पाय धुवा नाहीतर डोकं धुवा, पण रिक्षात बसा." आणि काय आश्चर्य, मामा निमूट बसले. पहिली रिक्षासुद्धा सोडली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाज हेडमास्तरणीचा. त्यांनी आधी डोळ्यांतला दाब मोजला, काचबिंदू नाही ना ते बघितलं, रक्तदाबाची गोळी चालू आहे का विचारलं. ती चालूच होती. मग बाटली मागितली, टोपणावरचं गंध पाहिलं, तारीख पाहिली, आणि अर्ध्या तमिळमध्ये, अर्ध्या इंग्रजीत मामांची अशी काही हजेरी घेतली की मलाच बरं वाटलं. मी इतके दिवस जे सांगत होते ते आता पदवी लावून कुणीतरी सांगत होतं.

त्या म्हणाल्या ते असं. हे औषध डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून डोळा पांढरा दिसतो. रोग जात नाही, दिसायचा थांबतो. जोर उतरला की त्याच वाहिन्या पहिल्याहून जास्त फुगतात. रोज घातलं की औषधानंच डोळे लाल होतात. कधीतरी धुळीनं, जागरणानं झाले लाल, तर एखादा थेंब, एखाद-दुसरा दिवस, बस्स. टोक डोळ्याला लावायचं नाही, थेंब पडला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून बसायचं, एकाची बाटली दुसऱ्याला द्यायची नाही, उघडून महिना झाला की फेकायची. काचबिंदू असला, रक्तदाब असला, तर विचारल्याशिवाय घालायचंच नाही. आणि डोळा दुखला, अंधुक दिसलं, उजेड सोसेना, तर थेंब नाही, सरळ दवाखाना.

"फेकायची?" मामांनी बाटलीकडे पाहिलं.

बाईंनी उत्तर न देता ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. गंधासकट.

साथीसाठी दुसरं औषध मिळालं. "हे उतरेल," बाई म्हणाल्या. "पण जुना लालपणा काही आठवडे राहील, आधी थोडा वाढेलसुद्धा. मध्येच पुन्हा ते थेंब घातलेत तर सगळं पहिल्यापासून." मग त्यांनी डोळ्यांत दिवा मारून पुन्हा पाहिलं. "डोळे फार कोरडे आहेत तुमचे. मुळात लाल झाले ते कोरडेपणानं. तुम्ही पापणी मिटत नाही. दिवसभर एवढं काय बघत बसता?"

मामांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं, भजनांचे व्हिडिओ असतील, नाहीतर बातम्या.

व्हॉट्सॅप होतं. वसुधाचं पान उघडलेलं. वर तिचं नाव आणि नावाखाली बारीक अक्षरात शेवटची कधी आली होती ती वेळ. बाकी काही नाही. मामांनी लिहिलेला एक शब्द नाही.

"तिच्या नांवाखालीं 'ऑनलाइन' म्हणून येत्यें," मामा माझ्याशी मराठीत बोलले, बाईंना कळू नये म्हणून. "आलें म्हणजे पोर उठली. गेलें म्हणजे कामास गेली. पुन्हा आलें म्हणजे जेवाया बसली असेल. तांब्यास टेकून फोन ठेवतों आणि पाहतों. क्षणभरच येत्यें गे, आणि जात्यें. पापणी लवली तर चुकेल."

"अहो, मग लिहा की काहीतरी! फोन करा!"

"तिला काम असत्यें. उगेंच कशास? ती आहे, एवढें कळलें म्हणजे पुरे."

बाईंना मराठी येत नव्हतं, पण फोनकडे आणि मामांकडे बघून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांचा हेडमास्तरणीचा आवाज एकदम खाली आला. कृत्रिम अश्रूंचे थेंब लिहून देत त्या म्हणाल्या, "अप्पा, बघा, पण पापणी मिटा. मिटली तरी मुलगी कुठे जात नाही."

मद्रास आय आठ-दहा दिवसांत उतरला, पण लाली हटेना. त्यातच रविवार आला. आणि त्या आठवड्यात वसुधानं कळवलं होतं की सुट्टीत मीराला घेऊन कुंभकोणमला यायचा विचार आहे, नक्की नाही, मीरा काय म्हणते ते बघून ठरवते. ज्या पोरीला आजाच्या डोळ्यांची भीती वाटते ती त्याच्या घरात राहायला येईल का, हा प्रश्न वसुधानं तोंडानं विचारला नव्हता. मामांना तो बरोबर ऐकू आला होता.

मी खाली गेले तर मामा पाटावर बसलेले. पाय धुतलेले. आणि हातात नवी बाटली! मी बँकेत असताना कोपऱ्यावर जाऊन घेऊन आले होते.

"मामा!"

"एकच गे. एकच थेंब. आज ती पाहून भ्याली, तर येणार नाही. मग डोळे पांढरे होऊन कोणास दाखवूं?"

खरं सांगते, माझ्या जिभेवर आलं होतं की घाला, काय आभाळ कोसळतंय. त्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. पण बोलायच्या आतच मामा स्वतःशीच म्हणाले, "आज घातलों तर उद्यां राहवणार नाही. मग ती खरेंच आली तर हेच डोळे." थोडा वेळ बाटलीकडे बघत राहिले. मग माझ्या हातात दिली. "वरतीं ने. माझे दृष्टीस पडूं देऊं नको."

तेवढ्यात फोन वाजला. "तूंच धर," असं म्हणून मामा उठून खांबामागे गेले. इतका उंच माणूस, खांबामागे काय लपतोय! एक खांदा या बाजूनं बाहेर, एक त्या बाजूनं.

मी फोन धरला. मीरा समोरच होती, पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या. मी तिला विहीर दाखवली, नारळ दाखवला, पायरीवरची मांजर दाखवली. पोरगी बघत होती, पण नजर दुसरंच काहीतरी शोधत होती. तिनं आईला इंग्रजीत विचारलं, आजा कुठाय? वसुधानं मला विचारलं. मी खांबाकडे बघितलं. खांब मानेनं नाही म्हणाला.

मीरा पडद्याच्या अगदी जवळ आली. आणि मोठ्यानं, प्रत्येक अक्षर वेगळं काढत म्हणाली, "आजा, ये."

इतके महिने शिकवून जे निघालं नव्हतं, ते निघालं.

मामा खांबामागून बाहेर आले. दोन्ही डोळे गच्च मिटलेले. हातानं हवा चाचपत आले, मी बाजूला सरकून त्यांना पाटावर बसवलं आणि फोन समोर धरला. ज्या माणसाला पापणी लववायची भीती, तो डोळे मिटून नातीसमोर बसला. "आलों बाळा," म्हणाले. "बोल."

"बाबा, डोळे का मिटलेत?" वसुधानं घाबरून विचारलं.

"उगे. ऐकूं दे."

मग मीरा बोलत सुटली. इंग्रजीत, मध्येच ते दोन शब्द, पुन्हा इंग्रजीत. शाळेचं, कुत्र्याचं, कसलं कसलं. मामा माना डोलवत होते, हुंकार देत होते. तिकडे मागे उभी राहिलेली वसुधा बापाकडे बघता बघता रडायला लागली, आवाज न करता. डोळे का मिटलेत ते तिला कळलं होतं. मीही रडले, सांगायला लाज कसली?

फोन बंद झाला तरी मामांनी डोळे उघडले नाहीत.

"काय नेसली होती?" त्यांनी विचारलं.

"पिवळा फ्रॉक. दोन शेंड्या. एकीची रिबीन सुटलेली."

"आणि?"

"पुढचा एक दात पडलाय."

"दांत पडला? कोणता?" मी त्यांचं बोट धरून त्यांच्याच दाताला लावलं. ते हसले. "आणि? भ्याली कीं?"

"नाही हो मामा. तुम्ही डोळे मिटलेत ना, तिला वाटलं खेळच आहे. तिनंही मिटले. दोन्ही हात डोळ्यांवर ठेवून बोलत होती, शेवटपर्यंत."

मामांनी स्वतःचे हात तसेच डोळ्यांवर ठेवून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिनें मज पाहिली नाही, मीं तिला पाहिलों नाही. मग पाहिलें कोणीं?"

"मी पाहिलं."

"मग सांग गे पुन्हां," मामा म्हणाले, आणि पाटावर थोडे सरकून त्यांनी मला जागा केली. "पहिल्यापासून सांग. सावकाश."